‘आत्ता’चा बाजार

भूतकाळ गेला, भविष्यकाळ आलेला नाही, तेव्हा हाती काय तो हा एकच क्षण, त्यात जगा, असे कोणी मला मृदू आवाजात सांगू लागले की माझा हात नकळत खिशातल्या शिट्टीकडे जातो. शिट्टी आता खिशात नसते. निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. पण अडतीस वर्षे रेल्वेत गार्डाची नोकरी केलेल्या माणसाचा हात एवढ्यातेवढ्याने सवय सोडत नाही.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. ध्यानाला, श्वासाकडे लक्ष देण्याला, घटकाभर गप्प बसण्याला माझा मुळीच विरोध नाही. मी स्वतः पहाटे उठून अर्धा तास बसतो. रात्रपाळ्यांनी बिघडलेली झोप त्यामुळेच ताळ्यावर आली. माझे भांडण आहे ते या साधनेच्या अंगावरून कापून काढलेल्या त्या एका वाक्याशी, आणि ते वाक्य आमच्या मावळात येऊन दुकान थाटून बसले आहे त्याच्याशी. दिवाळीच्या फराळाबरोबर हे कडू कशाला, असे कोणी म्हणेल. पण नरकचतुर्दशीला अभ्यंगानंतर अंगठ्याखाली कारीट फोडून त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग चकलीला हात घालायचा, ही रीत आपलीच आहे.

तर झाले असे. माझ्या पंचाहत्तरीला मुलाने आणि सुनेने मला एक भेट दिली. शाल नाही, श्रीफळ नाही. लोणावळ्यापासून पाचसहा मैलांवर भरणाऱ्या ‘वर्तमानात जगण्याच्या’ तीन दिवसांच्या शिबिराची पावती. जागेचे नाव सांगत नाही. अशा जागा आता इतक्या झाल्या आहेत की एकीचे नाव घेतले तर बाकीच्यांना उगीच वाईट वाटायचे. तीन दिवस, दोन रात्री. फीचा आकडा सुनेने माझ्यापासून लपवला होता, पण तो मी हुडकून काढला. माझ्या नोकरीतल्या पहिल्या पाच वर्षांचा पगार त्यात आरामात बसला असता.

पहिल्या दिवशी सकाळी आम्हा पंचवीसजणांच्या तळहातावर एकेक मनुका ठेवण्यात आली. ती पाहा, बोटांत फिरवा, हुंगा, कानाशी धरा, ओठाला लावा, जिभेवर ठेवा. चावू मात्र नका. त्या एका मनुकेवर बारा मिनिटे गेली. माझ्या शेजारी मुंबईचे एक गृहस्थ होते, शेअरबाजारातले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. माझ्या तोंडाला सुटले. हसण्याचा भाग सोडा, ही मनुकेची युक्ती टाकाऊ नाही. १९७९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेत जॉन कबाट-झिन या शास्त्रज्ञाने ताण हलका करण्याचा एक अभ्यासक्रम सुरू केला. त्यात ही मनुका असते. त्याच्याकडे पहिल्यांदा आले ते जुनाट दुखणी घेऊन आलेले रोगी, ज्यांना औषधांचा पुरेसा उपयोग होत नव्हता असे. दुखणे जात नाही तर निदान त्याच्याशी कसे राहावे, हे तो त्यांना शिकवीत होता. त्याबद्दल त्याला हात जोडावेत. पण रोग्याला दिलेली काठी धडधाकट माणसाने मिरवायला घेतली, म्हणजे तिचे काय होते ते आमच्या शिबिरात पाहावे.

दिवसभर आम्हाला एकच सांगणे होते: मागचे सोडा. ‘तुमच्या मनावर जे जे ओझे आहे ते सारे भूतकाळाचे आहे, भूतकाळ नाहीच, तेव्हा ओझेही नाही.’ हिशेब मोठा सोपा आहे. शेअरबाजारातल्या गृहस्थांना तो फार आवडला. दुसऱ्यांचे काय देणे होते कोण जाणे.

दुसऱ्या रात्री पाऊस कोसळला. जुलैचा पाऊस, मावळातला. तो काय असतो हे ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको. पहाटे आम्ही ध्यानकक्षात गेलो तर आत घोटाभर पाणी आणि त्यावर आमच्या बैठका तरंगत असलेल्या. गुरुजींनी शांतपणे सांगितले, ‘या पाण्याकडेही नुसते पाहा. त्याला नाव देऊ नका.’ आम्ही पाहत उभे राहिलो. एवढ्यात चहाची किटली घेऊन येणारा पोरगा, असेल वीसबावीस वर्षांचा, दाराशी थबकला आणि मला हळूच म्हणाला, ‘बाबा, पानी जुन्या वाटंनं आलंय. हितं आमचं खाचर व्हतं. वरचा बांध फोडून ह्यांनी हिरवळ केली. पानी कुठं जाणार?’

त्याच्या आजोबांनी ती जमीन विकली तेव्हा तो जन्मलाही नव्हता. तरी वाट त्याला ठाऊक होती आणि पाण्यालाही. त्या खोलीत वर्तमानकाळात उभे होते ते आम्ही पंचवीसजण आणि गुरुजी. आणि नेमके आम्हालाच काय चालले आहे हे कळत नव्हते.

तिसऱ्या दिवशी मी घरी निघून आलो. तेव्हापासून या विषयावर जमेल तेवढे वाचतो आहे. मी पंडित नव्हे. पण वाचता येते, आणि निवृत्तिवेतनधारकाला वेळही असतो. वाचताना पहिला धक्का बसला तो शब्दाचा. ज्या साधनेच्या नावाने हा सारा व्यापार चालतो तिचे पाली नाव आहे ‘सती’. संस्कृतात तोच शब्द ‘स्मृती’. म्हणजे आठवण! १८८१ साली र्‍हीस डेव्हिड्स या इंग्रज पंडिताने तिच्यासाठी जो इंग्रजी शब्द पसंत केला तोच पुढे जगभर चालला, आणि त्या शब्दातून आठवणीचा वास उडून गेला. उरले ते नुसते अवधान. वास्तविक पाली सूत्रांत सतीची ओळख करून देताना, फार पूर्वी केलेले आणि बोललेलेही ज्याला आठवते तो, असाच अर्थ सांगितलेला आहे. स्मृतीला विस्मृतीचे नाव देऊन विकणे हे मावळातल्या तांदळाला पंजाबचा बासमती म्हणून विकण्यापेक्षा कमी लबाडीचे नाही.

यावर कोणी जाणता म्हणेल, गृहस्था, मज्झिम निकायातले भद्देकरत्त सुत्त तू वाचले नाहीस काय? गेलेल्याच्या मागे धावू नये, न आलेल्याची आस धरू नये, असे बुद्धाने तिथे सांगितले आहे. वाचले आहे. पण धावू नये म्हणजे पाहू नये असे नव्हे. तिथे बोलणे चालले आहे ते गेलेल्या सुखाला चिकटून बसणाऱ्या तृष्णेचे. कर्जाची तारीख विसरा, बापाला दिलेला शब्द विसरा, बांध कुणी फोडला ते विसरा, असे त्यात कुठे आहे ते मला दाखवावे.

आणि पुस्तक कशाला? आमच्या मावळातला खडकच पाहावा. लोणावळ्याला येणारी मंडळी चिक्की घेतात, कणीस खातात आणि कार्ल्याला जाऊन पायऱ्यांवर धापा टाकतात. एकवीरेचे दर्शन झाले की चैत्यात डोकावतात, वर लाकडी कमानी पाहतात, ‘वा’ म्हणतात. त्या कमानी खऱ्याखुऱ्या लाकडाच्या आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. दगडाच्या घुमटाला लाकडाची गरज नव्हती. पण त्याआधीची मंदिरे लाकडाची होती, आणि ज्यांनी डोंगर पोखरला त्यांना ते विसरायचे नव्हते. वर्तमानात जगणाऱ्यांनी दगडावर भूतकाळाचे लाकूड बसवले!

त्याच लेण्यात भिंतींवर लेख आहेत. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दाराचे काम केले हे लिहिले आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे. नहपानाचा जावई उषवदात याने वलुरकाच्या लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठी करजिक गाव दिले, तेही लिहिले आहे. पुढे राज्य बदलले, सातवाहन आले, तेव्हा त्या गावाबद्दलचा हुकूम मामालच्या अधिकाऱ्याला उद्देशून पुन्हा कोरला गेला. हे मामाल म्हणजेच आपले मावळ, असे अभ्यासक मानतात. मी याला मावळातला पहिला सातबारा म्हणतो. श्वासावर लक्ष ठेवून बसणाऱ्या त्या माणसांना जमीन कोणाची, कोणी दिली, कशासाठी दिली, हे विसरून चालत नव्हते. त्यांनी ते ध्यानाच्या जागेतच, दाराशी, सर्वांना दिसेल असे कोरून ठेवले.

भाज्याला जा. तिथे चैत्याच्या पुढे एका अंगाला चौदा स्तूप दाटीवाटीने उभे आहेत, काही छताखाली, काही उघड्यावर. ते मेलेल्या स्थविरांचे. काहींवर नावे अजून वाचता येतात: अंपिनिक, धम्मगिरी, संघदिन. मी नोकरीत असताना सुटीच्या दिवशी मळवलीला उतरून तिथे पुष्कळदा जाऊन बसलो आहे. समोर दगडी बाकांच्या कोठड्या, शेजारी पाण्याची टाकी, आणि पाठीशी मेलेल्यांची नावे. तिथल्या भिक्षूंची रोजची साधना कशी चाले ते मला ठाऊक नाही. पण ते ज्या वाटेने आपल्या कोठडीत जात त्या वाटेवर त्यांनी आपले पूर्वज ठेवले होते, एवढे मला दिसते.

आता योगशास्त्राकडे वळू, कारण लोणावळ्याचे नाव जगात झाले ते केवळ चिक्कीने नव्हे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. त्याआधी बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली या क्रियांची क्ष-किरणांनी तपासणी केली होती. ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिकही त्याच १९२४ सालचे. या माणसाची रीत पाहण्यासारखी आहे. श्वास कसा घ्यावा हे सांगण्याआधी तो मोजला. आज मोजला, उद्या मोजला, आकडे मांडून ठेवले, कालच्याशी आजचे ताडून पाहिले, मग तोंड उघडले. ‘या क्षणात जगा’ म्हणणाऱ्याला वही लागत नाही. कुवलयानंदांना लागली. आमच्या शिबिरात मात्र वह्यापेन्सिली दारातच काढून घेतल्या होत्या.

आणि पतंजलीने साधनेची जी आठ अंगे लावून दिली त्यांत ध्यान सातवे आहे. सातवे! पहिली पायरी यमांची: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. म्हणजे दुसऱ्याचे घेऊ नये आणि गरजेपेक्षा जास्त साठवू नये हे आधी. डोळे मिटणे मागाहून. डोंगर कापून केलेल्या जागेवर, तिसऱ्या बंगल्याच्या गच्चीत, एकदम सातव्या पायरीवर उडी मारून बसणाऱ्यांना पतंजली काय म्हणाला असता मला कल्पना नाही. कदाचित काहीच म्हणाला नसता, मोजके बोलण्याची त्याला सवयच होती. पण त्याच्या मोजक्या बोलण्यातही विभूतिपादात क्षणावर संयम करण्याचे सांगितले आहे ते क्षणावर आणि त्याच्या क्रमावर. क्रम! या क्षणाच्या मागे कोणता होता आणि पुढे कोणता येईल त्याच्यासकट. क्रम गाळून क्षण विकणारे हे नवे लोक म्हणजे माळेतला मणी काढून घेऊन दोरा फेकणारे.

इगतपुरीला सत्यनारायण गोएंका यांनी १९७६ साली जे धम्मगिरी केंद्र सुरू केले तिथे पहिल्या दिवशी पंचशीलाचा नेम घ्यावा लागतो, आणि दहा दिवसांची फी नसते. ज्याचा अभ्यास पुरा झाला तो पुढच्यासाठी ऐपतीप्रमाणे दान देतो. म्हणजे तुमचे जेवण तुमच्या आधी येऊन गेलेल्या कोणी तरी दिलेले असते. तिथली सगळीच मते मला पटतात असे नाही, पण ऋणाची आठवण तिथे ताटातच वाढलेली असते.

आमच्या भंडारा डोंगराची गोष्ट तर सर्वांच्या घरातली आहे. तुकोबा तिथे जाऊन बसत. दुष्काळात घरची माणसे गेली, दुकान बसले, त्यानंतरची ही गोष्ट. परंपरा सांगते की त्यांनी लोकांकडून येणे असलेल्या कर्जाची आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली. हेही मागचे सोडणेच. पण कोणाचे? दुसऱ्याने आपले देणे होते ते. आपण दुसऱ्याचे देणे होतो ते नव्हे. ज्याला ‘मागचे सोडा’ म्हणायचे असेल त्याने आधी खते कोणाच्या नावावर आहेत ते पाहावे.

मावळात आणि शेजारच्या मुळशीत हा प्रश्न काही पोथीतला नाही. १९२१ साली मुळशीचे धरण आले तेव्हा मावळे शेतकरी सत्याग्रहाला बसले, पांडुरंग महादेव बापट त्यांच्या पुढे होते. ‘सेनापती’ ही पदवी त्यांना तिथली. धरण झालेच, जमिनी पाण्याखाली गेल्या, मुंबईला वीज मिळाली. पुढे पवनेवर धरण झाले. २०११ साली, ९ ऑगस्टला, क्रांतिदिनी, पवनेचे पाणी बंद नळाने नेण्याविरुद्ध शेतकरी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघे मेले. धरण असावे की नसावे, नळ असावा की नसावा, यावर दोन मते असू शकतात, मलाही शहरात नळाचेच पाणी येते. पण ज्याचे गेले त्याला ‘झाले ते झाले, आता या क्षणात जगा’ म्हणणे फार सोयीचे असते, आणि ते नेहमी ज्याला मिळाले तोच म्हणतो. गमावलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी तरी अजून ऐकलेले नाही.

मी गार्ड होतो म्हणून मला हे जास्त खटकत असेल. ड्रायव्हरला पुढचा रूळ दिसतो, प्रवाशाला खिडकीतला देखावा दिसतो. लोणावळ्याहून खाली निघाले की खंडाळ्याचा देखावा पाहून डब्याडब्यांतून ‘अहाहा’ उठते. ती मंडळी त्या क्षणात जगत असतात आणि त्यांनी जगावेच, तिकीट काढलेले असते. गार्ड शेवटच्या डब्यात. त्याच्यासमोर असते ते सारे मागे पडत गेलेले. भोर घाटाचा चढ सदतीसाला एक. १८६३ साली हा मार्ग खुला झाला त्याआधी तो बांधताना हजारो मजूर मेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदारही काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत गेला आणि त्याच्या बायकोने, ॲलिसने, ते पुढे चालवले. १९२९ पर्यंत गाड्या मध्येच उलट्या फिरवाव्या लागत. आजही उतारावर आडमार्ग काढून ठेवले आहेत, बेफाम सुटलेली गाडी त्यांवर चढून थांबावी म्हणून. उतरण्याआधी ब्रेक तपासतात. असले नियम कोणी ध्यानात बसून काढलेले नाहीत. प्रत्येकाच्या मागे कधी तरी घडलेले काही तरी आहे.

शेवटच्या डब्याच्या पाठीवर दिवसा एक पाटी असते, रात्री तांबडा दिवा. गाडी स्टेशनातून गेली की तिथला माणूस ती पाटी पाहतो. दिसली तर गाडी पुरी गेली. नाही दिसली तर काही डबे मागे सुटून राहिले, आणि मग मागून येणाऱ्या गाडीला वाट देता येत नाही. किती डबे सुटून राहिले आहेत ते न पाहता हिरवा दिवा दाखवणे याला आमच्या खात्यात मनःशांती म्हणत नसत.

माझे लक्ष त्या अडतीस वर्षांत जितके त्या-त्या क्षणावर होते तितके मनुकेवर कधी झाले नाही, होणार नाही. पण ते लक्ष मागच्या-पुढच्यामुळे होते. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या वरच्या अंगाला धबधब्यात उभे असलेले एक कुटुंब एकाएकी वाढलेल्या पाण्यात सापडले. पाचजण गेले, त्यांत लेकरे. त्यांना मी दोष देत नाही. देणारा मी कोण? माझीही नातवंडे तिथे पाण्यात खेळली आहेत. पण त्या दिवसापासून मला आमच्या शिबिरातले ते ‘पाण्याकडे नुसते पाहा’ ऐकवत नाही. पायाशी आलेले पाणी हा या क्षणाचा पाऊस नसतो. तो वर डोंगरावर आधी पडून गेलेला असतो.

आता घरातले एक सांगतो आणि थांबतो.

मला एक थोरली बहीण आहे. आम्ही तिला अक्का म्हणतो. आई लवकर गेली, मला अक्काने वाढवले. नाणे मावळात तिचे सासर, आता भाचा आणि भाचेसून तिच्याजवळ असतात. गेली सहासात वर्षे तिला विस्मरणाचा आजार आहे. आधी नावे गेली, मग माणसे गेली, मग सकाळ-संध्याकाळ. आज अक्का पूर्णपणे वर्तमानकाळात राहते. फी न भरता, दिवसरात्र. मागचे सुटले, पुढचे नाही. शिबिरातल्या गुरुजींनी जी अवस्था वर्णिली ती तिला शब्दशः लाभलेली आहे.

तिच्या चेहऱ्यावर मी शांती पाहिलेली नाही. भीती पाहिली आहे. दर पंधरा मिनिटांनी ती विचारते, ‘आई कुठं गेली रे?’ पहिल्याने आम्ही खरे सांगत होतो, ‘अक्का, आईला जाऊन साठ वर्षं झाली.’ ते ती त्या क्षणी पहिल्यांदाच ऐकत असे. रडे. पंधरा मिनिटांनी पुन्हा विचारी, पुन्हा ऐके, पुन्हा आई मेलेली. एका दिवसात किती वेळा आईचे मरण सोसावे माणसाने? शेवटी भाचेसून खोटे सांगू लागली, ‘बाजाराला गेल्यात, येतील.’ मीही तेच सांगतो. आयुष्यभर जर्नलात खरी वेळ लिहिणारा मी.

या आषाढात मी तिच्याकडे होतो. घरामागे आता एकच खाचर उरले आहे, बाकीच्यांवर रंगीत निशाणे आणि प्लॉटच्या पाट्या. त्या एकात इंद्रायणी लावायची होती. ही जात १९८७ सालची, आमच्या वडगावच्याच भात संशोधन केंद्रातली. जुन्या आंबेमोहराचा वास तिच्यात टिकला तो तिच्या आईबापांत आंबेमोहर होता म्हणून. चिखलणी झाली होती, बायका इरली घेऊन उतरल्या होत्या. अक्का ओसरीवर बसून होती. एकदम उठली, लुगडे खोचले आणि कोणी अडवायच्या आत चिखलात गेली.

भाचेसून घाबरली. मी म्हटले, असू दे. अक्काने शेजारणीच्या हातातली मुठी घेतली, अंगठ्याने तीनचार रोपे सोडवली आणि रोवली. पुढची. त्याच्या पुढची. कोणी सांगत नव्हते, दोरी नव्हती, आणि ओळ सरळ चालली होती. तिच्या कपाळावरची आठी गेली होती. बऱ्याच वर्षांनी मी तिला ओळखले.

भातलावणी माहीत नसलेल्यांसाठी सांगतो: ही करणारी बाई पुढे जात नाही. लावलेले डोळ्यांसमोर ठेवून ती एकेक पाऊल मागे सरते. शेजारची एक कोवळी पोर, बहुधा पहिल्यांदाच उतरलेली, वाकून पुढे पुढे जाऊ लागली आणि लावलेली रोपे तिच्याच पायाखाली येऊ लागली. अक्काने मान वर केली. नाव तिला येत नव्हते, घर कोणाचे ते येत नव्हते, खाचर आपले की परक्याचे तेही नसेल आले. ती त्या पोरीवर खेकसली, ‘अगं, मागं सर, मागं!’